नमुने आमच्या विहिरीचे, व्याख्यान मात्र नागपुरात

प्रति,
विज्ञान व्याख्यान समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नागपूर

विषय : ऊर्जा, हवामान आणि पर्यावरण या विषयांवरची तालुक्याच्या ठिकाणची व्याख्यानं बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

सस्नेह नमस्कार.

आपलं परिपत्रक आमच्या वाचनालयाला मिळालं. ग्रामीण केंद्रांवरचा अल्प प्रतिसाद आणि वाढता प्रवासखर्च पाहता यापुढे सगळी व्याख्यानं नागपुरातल्या सभागृहात होतील, इच्छुकांना ती ऑनलाइन पाहता येतील, असा त्याचा मजकूर. खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून उत्तरही कोणी मागितलेलं नाही. तरी ते देते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं उघड देते आहे.

ज्या संशोधन संस्थेची ही समिती आहे तिचं नाव मी लिहीत नाही. नाव आलं की लोक नावावरच बोलत बसतात. शिवाय पुढे जे मांडणार आहे ते थोड्याफार फरकानं आणखी काही जणांना लागू पडेल.

माझी ओळख थोडक्यात. वणी तालुक्यातल्या कोळसापट्ट्यात आमचं गाव आहे, तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची मी ग्रंथपाल. रसायनशास्त्रात पदवी घेतली, लग्न होऊन इथे आले, आणि आता पुस्तकांच्या नोंदी आणि पऱ्हाटीची वेचणी या दोन्हींत वर्ष जातं. उघड्या खाणीचा मातीचा ढिगारा आमच्या धुऱ्यावरून दिसतो. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याच्या कडेच्या वावरात दिवाळीनंतर बोंडं फुटतात तेव्हा कापूस पांढरा दिसत नाही, मळकट राखाडी दिसतो. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, बोटांनी चोळतो आणि भाव सांगतो. कारण सांगायची त्याला गरज पडत नाही.

महाराष्ट्रातल्या विजेचा मोठा भाग विदर्भातून जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, तिरोड्याचं ३३००, मौद्याचं २३२०, खापरखेड्याचं १३४०, कोराडी आणखी वेगळं. एक युनिट वीज काढायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्याकडच्या कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राख असते. म्हणजे मुंबईतल्या एका घरात महिन्याला दोनशे युनिट वीज वापरली गेली, तर इकडे कुठेतरी पन्नास किलोच्या आसपास राख तयार होते. प्रत्येक युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो, तो साऱ्या जगात वाटला जातो. राख मात्र इथेच राहते.

हे गणित मी कुठल्या पुस्तकातून आणलेलं नाही. तुमच्याच एका व्याख्यानात, तालुक्याच्या शाळेच्या हॉलमध्ये, ते फळ्यावर खडूनं मांडलेलं पाहिलं. त्या व्याख्यानाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही नेमकं काय बंद करता आहात हे समितीतल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

बोलायला आलेल्या बाई तुमच्याच संशोधक. प्रोजेक्टर चालला नाही, कारण लाईन गेली. त्यांनी पिशवीतून दोन गोल कागद काढले. हवा ओढून घेणाऱ्या यंत्रातले ते गाळणकागद होते, एक कोरा आणि एक चोवीस तास चाललेला. दोन्ही कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांनी सभेतून फिरवले. दुसरा कागद काळा होता. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी तो उजेडाकडे धरून पाहिला. मग बाईंनी सांगितलं की धुळीच्या बारीक कणांची, पीएम १० ची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम आहे आणि हा कागद ज्या दिवसाचा आहे त्या दिवशी आकडा त्याच्या वर होता. कोणाला समजलं नाही असं झालं नाही.

पहिला प्रश्न एका कास्तकाराचा. "बाई, ते राख वावरात टाकली तं चालते का? लोक म्हनते खत व्हते." बाईंनी सरळ हो किंवा नाही म्हटलं नाही. राखेत मुख्यतः सिलिका, अॅल्युमिना आणि लोहाचे ऑक्साइड असतात, थोड्या प्रमाणात आर्सेनिक, पारा यांसारखी मूलद्रव्यंही असतात. विटेत किंवा सिमेंटमध्ये ती बऱ्यापैकी बांधली जातात, उघड्या वावरात पावसानं झिरपू शकतात. काही जमिनींना मोजून दिलेली राख उपयोगी पडते, पण मातीपरीक्षण न करता ट्रॉलीनं आणून टाकू नका, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या एकानं विचारलं की खाणीजवळच्या तुरीला फूल कमी का धरतं. त्यावर त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नाही. धुळीमुळे असेल, दुसऱ्या कशामुळे असेल. तपासल्याशिवाय सांगणार नाही." सभेत एकदम कुजबूज झाली. अधिकाऱ्याच्या खुर्चीतून असं वाक्य आमच्याकडे कोणी ऐकलेलं नव्हतं. त्या दिवसानंतर लोक त्या बाईंचा शब्द मानू लागले.

आता तुमच्या परिपत्रकातलं पहिलं कारण, अल्प प्रतिसाद.

गेल्या काही व्याख्यानांच्या वेळा काढून पाहा. एक ठेवलं मृग बरसल्यावर, पेरणीच्या धामधुमीत. एक ऐन वेचणीत, मंगळवारी सकाळी अकराला. त्या वेळी गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री असतात. मजूर बाई रोज पाडून व्याख्यानाला येणार नाही, आणि तिनं यावं असं मीही म्हणणार नाही. हॉलमध्ये माणसं दिसावीत म्हणून आठवीचे वर्ग आणून बसवले गेले, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. त्या हजेरीवरून तुम्ही ग्रामीण माणसाची विज्ञानातली रुची मोजली. मोजण्याचं शास्त्र शिकवणाऱ्या संस्थेनं नमुना कसा निवडला हे आधी बघायला हवं होतं.

आमच्या शेजारच्याच मुलखात, झाडीपट्टीत, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. लोक तिकीट काढून, ब्लँकेट घेऊन, लेकराबाळांसह बसतात. खेड्यातला माणूस लांबलचक ऐकू शकत नाही किंवा त्याला घराबाहेर काढता येत नाही, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा तिकडे जाऊन मंडपात मागे उभं राहावं. आमच्याकडे सभा रात्री जेवणं झाल्यावर भरते. भजन, कीर्तन, ग्रामसभेची खरी चर्चा, सगळं तेव्हाच. एवढी साधी गोष्ट गावच्या कोतवालाला विचारली असती तरी कळली असती.

ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही. गावात रेंज शाळेच्या गच्चीवर आणि पाण्याच्या टाकीखाली मिळते. मागचं व्याख्यान मी वाचनालयाच्या फोनवर लावलं, बऱ्याच जणी जमल्या, चित्र अडकत होतं आणि आवाज पुढे जात होता. पाट्या सगळ्या इंग्रजीत. शेवटी प्रश्न लिहायची जागा उघडली आणि आमचा प्रश्न टाइप होईपर्यंत आभारप्रदर्शन झालं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती.

आमच्या गावातून नमुने जातात. विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी, वावरातली माती, छतावरची धूळ. तुमच्या संस्थेची गाडी येते, तरुण मुलं-मुली उतरतात, चांगली बोलतात, चहा घेतात, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. एका वेळी खोकला आणि दम्याबद्दलची लांब प्रश्नावलीही भरून घेतली. बायांनी आपल्या घरातली दुखणी परक्या पोरींना सांगितली, कारण त्यांनी नीट विचारलं. आमच्या विहिरीच्याही बाटल्या गेल्या. निकाल काय आला, हे आजतागायत घरी कोणी सांगितलेलं नाही. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की संशोधन प्रकाशित झालं आहे, जर्नलमध्ये बघा. ते जर्नल वाचायला पैसे पडतात आणि ते डॉलरमध्ये पडतात. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अनुदानाची अवस्था सांगून तुम्हाला अडचणीत टाकत नाही.

यानं काय बिघडतं? यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. ते खडकातून पाण्यात उतरतं. विहिरी आटल्या की बोअर खोल जातात, आणि खोल खडकात फार काळ साठलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण जास्त असण्याची शक्यता असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त असलं तर लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे सांधे आणि हाडं धरतात. गावातल्या आया काय करतात? पाणी उकळतात. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. आई जिवाच्या आकांतानं चुलीत काड्या घालते आहे आणि तिला हे सांगणारं कोणी नाही, पण तिच्या विहिरीचा आकडा कुठल्यातरी तक्त्यात, गावाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लावून, छापून आलेला आहे.

गंमत म्हणजे यावरचा एक उपाय नागपुरातच जन्मला. नीरी ही १९५८ साली सुरू झालेली, पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची नालगोंडा पद्धत तिथल्या शास्त्रज्ञांनी विकसित केली. ती संस्था वेगळी, तुम्ही वेगळे, हे मला कळतं. या पद्धतीच्या मर्यादाही आहेत: तुरटीचं प्रमाण पाण्यानुसार ठरवावं लागतं, गाळाची विल्हेवाट लावावी लागते. पण पद्धतीचं नाव तेलंगणातल्या नालगोंड्याचं, शोध नागपूरचा, आणि नागपूरहून काही तासांवरच्या आमच्या गावात ती कोणाला ठाऊक नाही. ज्ञान तयार होणं आणि ते पोचणं यांतलं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, हे यावरून तरी समितीला पटावं.

तेव्हा, सभासदहो, गावातलं व्याख्यान म्हणजे तुम्ही आमच्यावर केलेले उपकार आहेत असं मी मानत नाही. आमचं पाणी, आमची माती, आमचा खोकला वापरून तुमचे अहवाल झाले. त्यांतून काय निघालं हे आमच्यासमोर उभं राहून, आमच्या भाषेत सांगणं, हा त्याच कामाचा उरलेला भाग आहे. तो खर्चाच्या कारणावरून गाळता येत नाही.

लोकांना ऐकायचं नसतं असं अजूनही वाटत असेल तर आमच्या वाचनालयात एक वही आहे. व्याख्यानं येत होती तेव्हा त्या निमित्तानं ती सुरू झाली. ज्याला जो प्रश्न पडतो तो तो लिहून जातो. ज्याला लिहिता येत नाही त्याचा मी लिहून घेते. त्यातले काही तुमच्यापुढे ठेवते.

३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर तापमान ५६ अंश नोंदलं गेल्याची बातमी पसरली. गावभर तीच चर्चा. कोणी म्हणालं पृथ्वी संपली, कोणी म्हणालं सरकार आकडे दडवते. पुढे हवामान खात्यानं संवेदक बिघडल्याचं सांगितलं. ते किती जणांपर्यंत पोचलं? वहीत प्रश्न आला: "यंत्र खोटं तं मंग बाकीचे आकडे खरे कायवरून?" फार चांगला प्रश्न आहे हा. याला उत्तर देताना तापमान सावलीत, हवा खेळेल अशा पेटीत, जमिनीपासून ठरावीक उंचीवर का मोजतात ते सांगावं लागेल. शेजारच्या केंद्रांशी ताडून चुकीचा आकडा कसा ओळखतात ते सांगावं लागेल. मैदानी भागात ४५ अंशांना उष्णतेची लाट आणि ४७ ला तीव्र लाट का म्हणतात तेही. आणि मग खरा प्रश्न येईल की पेटीतल्या सावलीत ४५ असताना भर उन्हात वावरात किंवा रोजगार हमीच्या खड्ड्यात राबणाऱ्या बाईच्या अंगाला किती लागतं, आणि हवेत दमटपणा असेल तर घाम का वाळत नाही. उन्हाळ्यावरचं तुमचं व्याख्यान मागच्या वेळी जानेवारीत, वातानुकूलित सभागृहात झालं. ज्यांना उन्हात जायचं आहे ते तिथे नव्हते.

दुसरा प्रश्न सौरपंपाचा. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत दहा टक्के हिस्सा भरून, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के भरून, पंप मिळतो. रात्रीच्या पाळीची वीज, ओलितासाठी अंधारात वावरात जाणं, साप, रानडुक्कर, आता वाघसुद्धा. त्या जाचातून सुटका होते म्हणून लोक खूश आहेत आणि मीही आहे. पण मे महिन्यात एक काका वाचनालयात येऊन म्हणाले, "उन्ह जास्त तं पानी जास्त पडाले पायजे, हे तं कमी पडते." त्यांना वाटलं कंपनीनं फसवलं. पॅनलची क्षमता पंचवीस अंशांवर मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशामागे वीज ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. पॅनल पासष्ट अंशांपर्यंत तापलं की बारा ते सोळा टक्के तिथेच गेले, वर आमच्या रस्त्याची कोळशाची धूळ. सकाळी लवकर पंप चालवा, पॅनल पहाटे गार असताना पुसा, एवढं सांगायला शास्त्रज्ञ लागतोच असं नाही. पण जो सांगेल त्याला पुढचा प्रश्नही झेलावा लागेल: वीज फुकट झाली की पंप दिवसभर चालतो, मग जमिनीखालचं पाणी किती वर्षं पुरणार? वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात अतिउपशानं काय झालं ते साऱ्या विदर्भानं पाहिलेलं आहे.

पावसाबद्दलचे प्रश्न तर पानापानावर. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात २०१७ साली मांडलं गेलं. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे त्यामागचं एक भौतिक कारण. आमच्या लोकांना बदल कळतो, कारण कळत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत कोणीही काहीही भरतं. मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ बघा म्हणजे कळेल.

आणि एक प्रश्न एका तरुण पोराचा आहे. त्याच्या घरची जमीन खाणीत गेली, त्या बदल्यात वडिलांना नोकरी लागली. त्यानं लिहिलंय: "२०७० पर्यंत कोळसा बंद होनार म्हनते. मंग आमी काय कराचं?" ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली भारतानं २०७० चं वचन दिलं. ते कोळसा बंद करण्याचं नसून निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचं, म्हणजे जेवढं हवेत सोडू तेवढं शोषलं जाईल असं करण्याचं आहे, हा फरकसुद्धा त्याला कोणी समजावलेला नाही. नागपुरात ऊर्जा-संक्रमणावर, म्हणजे कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्यावर, तुमची चर्चा झाली तेव्हा मंचावर प्राध्यापक होते, उद्योगाचे प्रतिनिधी होते. हा मुलगा, किंवा त्याच्यासारखा कोणी, सभागृहात होता का? ज्याचं पोट त्या कोळशावर आहे आणि ज्याची छातीही त्याच कोळशानं भरली आहे, त्याला यातलं दोन्ही बोलायचं आहे. तुम्हाला ते ऐकायला मिळालं असतं तर तुमचंही संशोधन सुधारलं असतं, असं मी थोड्या धिटाईनं म्हणते.

आणखी एक बाब आहे, ती न लिहिणं मला बरं वाटत नाही. एका व्याख्यानाचा विषय स्वच्छ ऊर्जा होता आणि मागच्या फलकावर वीज तयार करणाऱ्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात होतं. पैसे कोणाचेही घ्या, पण वक्त्यानं सुरुवातीला तसं सांगावं. त्या दिवशी राखेच्या प्रश्नावर वेळ संपला होता. खरोखर संपला असेलही, पण लोकांनी फलक वाचलेला होता.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. परिपत्रक मागे घ्यावं आणि खाण व वीज केंद्रांच्या पट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्यात दर तिमाहीला किमान एक व्याख्यान व्हावं.

२. ज्या गावातून पाणी, माती, हवा किंवा माणसांच्या आरोग्याची माहिती घेतली त्या गावाला निकाल मराठीत, एका पानावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल असा द्यावा. आकडा, मर्यादा, आणि काय करावं, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. संशोधन छापून येईपर्यंत थांबता येत नसेल अशी बाब, म्हणजे पिण्याच्या पाण्यातला दोष, लगेच कळवावी. कोणा एका घराचं नाव उघड करायचं नसेल तर ते आम्हालाही मान्य आहे, त्या घराला स्वतंत्र सांगा. आधी घेतलेल्या नमुन्यांपासून सुरुवात व्हावी, त्यात आमची विहीरही आली.

३. वेळ रात्री आठनंतरची. पेरणी आणि वेचणीचा काळ टाळावा. उष्णतेवरचं व्याख्यान मार्च संपायच्या आत व्हावं.

४. निम्मा वेळ प्रश्नांना. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या कीर्तनात बाबा विचारायचे आणि लोक उत्तर द्यायचे, निम्मं कीर्तन श्रोत्यांच्या तोंडून व्हायचं. तुमच्याकडून तेवढी अपेक्षा नाही. पण पाऊण तास बोलून पाच मिनिटं प्रश्न, हे चालणार नाही. ज्यांची उत्तरं तिथे देता आली नाहीत ती महिन्याभरात लेखी पाठवावीत. डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि त्याला उत्तर देत. एवढ्या मोठ्या माणसाला वेळ होता.

५. व्याख्यान मराठीत, पाट्या मराठीत. वक्त्याला मराठी येत नसेल तर हिंदी चालेल, आमच्याकडे ती सगळ्यांना कळते. ध्वनिमुद्रण लहान फाईलमध्ये द्यावं, म्हणजे रेंज असेल तिथे उतरवून घेता येईल आणि घरी ऐकता येईल.

६. कार्यक्रमाला पैसे कोणी दिले ते निमंत्रणपत्रिकेवरच छापावं.

खर्चाचं म्हणाल तर खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या कायदादुरुस्तीनं आलं आहे आणि पर्यावरण, आरोग्य, शिक्षण या त्याच्या निधीच्या प्राधान्याच्या बाबी आहेत. तुम्ही प्रस्ताव तयार करा, ग्रामसभेचा ठराव आम्ही देतो. एका गाडीचं डिझेल आणि दोन माणसांचा भत्ता यासाठी तो निधी पुरणार नाही असं मला वाटत नाही. राहण्या-जेवण्याची सोय गाव करेल. त्याचं बिल येणार नाही.

या पत्राची प्रत जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना पाठवली आहे. प्रश्नवहीच्या पानांची छायाप्रत सोबत जोडली आहे, काही अक्षर लागणार नाही, तिथे मला फोन करा.

होळीच्या आधीचा कोणताही दिवस आम्हाला चालेल, फक्त वणीच्या बाजाराचा वार सोडून. जागा शाळेच्या पटांगणात आहे, माईक भजनी मंडळाचा. लाईनचा भरवसा नाही, म्हणून प्रोजेक्टर आणणार असाल तर बॅटरीवर चालणारा आणा. नसेल तर फळा आणि खडू आहे. मागच्या वेळचे ते गाळणकागद मात्र आठवणीनं आणावेत, आणि त्याच बाई येऊ शकल्या तर फारच बरं.

आपली विश्वासू,
ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय
ता. वणी, जि. यवतमाळ